टेक्सस की कॅलिफोर्निया? एच-४ वरच्या मुलांची इन-स्टेट फी

कंपनी डॅलस किंवा सॅन होजे निवडायला सांगते, मुलगी नववीत आहे आणि घरातले सगळे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (जोडीदार-मुलांचा व्हिसा) वर. पगार, घरभाडं, शाळा सगळं मांडून होतं. कॉलेजची फी मात्र बहुतेक घरांत अकरावीत आठवते.

यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, २०२५-२६ ला नव्याने दाखल होणाऱ्या रहिवाशाची ट्यूशन वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर. बाहेरच्याला त्यावर आणखी ३७,६०२. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसला स्थानिकांना साधारण ११ ते १३ हजार, बाहेरच्यांना ४० हजारांच्या आसपास किंवा वर.

इन-स्टेट, म्हणजे स्थानिकांची फी लागण्याची मूळ अट दोन्हीकडे सारखीच: आई-वडिलांचा वर्षभराचा खरा मुक्काम. एच-१बी, एच-४ दोन्ही राज्यांत चालतात. टेक्ससमध्ये बारा महिने सेन्सस डेटच्या (विद्यापीठ त्या सत्राचे विद्यार्थी मोजतं तो दिवस) आधी भरावे लागतात. फॉलमध्ये ती वर्गांच्या बाराव्या दिवशी येते. तिथे नोकरी किंवा स्वतःचं घर हा भक्कम पुरावा. कॅलिफोर्नियात लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, भाडेकरार असं सगळं एका दिशेला बोट दाखवणारं हवं.

‘मुलाला आधी मावशीकडे पाठवू’ हा बेत मात्र सोडून द्या. यूसीत चोवीस वर्षांच्या आतल्या मुलाचे आई-वडील राज्याबाहेर असतील, तर त्याला स्वतःच्या पैशांवर जगत असल्याचं दाखवावं लागतं. आणि एच-४ वरच्या मुलाला तर नोकरीच करता येत नाही!

खरा फरक तीन वर्षांच्या नियमात आहे. टेक्ससमध्ये हायस्कूल पूर्ण करण्याआधीचे सलग ३६ महिने आणि सेन्सस डेटआधीचे १२ महिने मूल तिथे राहिलं, तर पालकांची नंतर बदली झाली तरी इन-स्टेट फी टिकते. बिनकागदपत्रांच्या मुलांसाठी ही वाट ४ जून २०२५ च्या न्यायालयीन आदेशाने बंद झाली. एच-४ वरची मुलं कायदेशीर वास्तव्यात असल्याने त्या आदेशात येत नाहीत. कॅलिफोर्नियाचा एबी ५४० कायदा दिसायला तसाच, पण एच-४ वाल्यांना त्यातून वगळलंय. ग्रीन कार्ड हातात आलं तरच तो त्यांच्या उपयोगाचा.

त्यात एकविसावं वर्ष. एच-४ संपतो, मूल बहुधा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जातं, आणि यूसीच्या लेखी एफ-१ वाला रहिवासी ठरू शकत नाही. हे नेमकं पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी समोर येतं, म्हणून प्रवेशाआधीच कॅम्पसच्या रेसिडेन्स डेप्युटीला (रहिवासी कोण हे ठरवणारा अधिकारी) लेखी विचारा.

भारतीयांची ग्रीन कार्डची रांग पाहता, मुलगी नववीत आणि व्हिसा एच असेल तर मी डॅलस घेईन. ती अकरावीत असेल तर तीन वर्षांचा नियम कुठेच हाताशी नाही. मग नोकरी बघून ठरवा. बारावीच्या मध्यावर आलात तर पहिल्या वर्षी दोन्हीकडे बाहेरचीच फी. टेक्ससमध्ये एक फट उरते: विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर ते स्थानिक दर लावू शकतं. पण अशा सवलती मोजक्याच असतात, म्हणून अर्ज लवकर करा.