जुने घर पाडणारा ठेकेदार नेमताना : शिवाजी पेठेतील एका कामाचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमचे दुमजली जुने घर, म्हणजे खाली काळा दगड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया व मंगलोरी कौले, आम्ही पावसाळ्यापूर्वी एका स्थानिक ठेकेदाराकडून उतरवून घेतले. काम एकंदरीत समाधानकारक झाले. तरीही त्याच्या नावापेक्षा त्याला नेमण्यापूर्वी केलेली तपासणी सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण या धंद्यात मजुरांची टोळी आणि जेसीबी कामागणिक बदलतात आणि नावावर विसंबण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पाडकामाचा व्यवहार इतर बांधकामापेक्षा उलटा चालतो. ठेकेदाराचा पहिला प्रश्न असतो, "माल तुमचा की आमचा?" सागवान, लोखंड, कौले आणि घडीव दगड त्याला मिळणार असतील, तर काही वेळा तोच घरमालकाला पैसे देऊ करतो. आम्हाला सर्वांत मोठी रक्कम देऊ करणाऱ्या ठेकेदाराची अट एकच होती की काम लगेच सुरू करायचे आणि परवानगीचे मागाहून पाहायचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार उभी इमारत किंवा तिचा भाग पाडणे हेही विकासकामातच मोडते आणि त्यासाठी आधी परवानगी लागते, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

अडचण अशी की ही परवानगी मालकाच्या नावाने, वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत निघते. ठेकेदाराकडे कागद मागितले की जीएसटी क्रमांक, पॅनकार्ड आणि दुकानाचा परवाना पुढे येतो. त्याने याआधीची घरे रीतसर पाडली की नाही, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाकडे अलीकडे पाडलेल्या घरांचे पत्ते आणि त्या मालकांना मिळालेल्या परवानगीच्या प्रती मागितल्या. एवढे विचारताच एकाने फोन घेणेच बंद केले, ही निवड आमच्या दृष्टीने सोयीचीच झाली.

दुसऱ्याने परवानगी म्हणून धोकादायक इमारतीची नोटीस दाखवली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालची ती नोटीस होती. या कलमाखाली इमारत पाडण्याचा आदेश असू शकतो, तसाच ती दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचाही असू शकतो, त्यामुळे नोटिशीचा मथळा पाहून थांबू नये, आत नेमके काय करण्यास सांगितले आहे ते शेवटपर्यंत वाचावे. त्या नोटिशीत मालकाला दुरुस्ती करण्यास सांगितले होते, आणि घर मात्र भुईसपाट झालेले होते.

प्रती हाती आल्यावर त्यांवरील जावक क्रमांक आणि तारीख महापालिकेत पडताळावी. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या विभागीय कार्यालयांपैकी ज्याच्या हद्दीत ते घर होते, तेथे चौकशी करता येते. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस आहे, म्हणून हे काम दर ठरवण्याच्या आधी हाती घेतलेले बरे.

कागद खरा असला तरी त्यावरची तारीख आणि काम सुरू झाल्याची तारीख जुळतात का, हे पाहणे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी शेजाऱ्यांइतका विश्वासू साक्षीदार नाही. मंगळवार पेठेतील एका जागी परवानगी मे महिन्यातली होती, पण समोरच्या काकूंनी "जोतिबाच्या यात्रेआधीच कौले उतरली होती की," असे सहज सांगून टाकले. यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. पुढचे विचारण्याची गरज पडली नाही. त्याच काकूंकडून सामाईक भिंतीला पडलेल्या भेगाही पाहायला मिळाल्या.

अखेर ज्याला काम दिले, त्याचे सर्व पत्ते या कसोटीला उतरले. त्याने महावितरणचा मीटर आणि नळजोडणी बंद झाल्याचे कागद पाहिल्याशिवाय मजूर आणले नाहीत. काम वरून खाली, आधी कौले, मग वासे आणि तुळया, मग भिंती, या क्रमाने झाले. शेजारच्या घराला लागून असलेली भिंत त्याने हातानेच उतरवली आणि जेसीबी त्यानंतर आत घेतला. धूळ बसवण्यासाठी पाणी मारण्याचे मात्र सारखे बजावावे लागले, आणि आम्ही ठेवून घ्यायची म्हटलेली कौले ठरल्यापेक्षा बरीच कमी हाती आली. फुटतूट कोणाच्या माथी, हे करारात लिहून घ्यावे.

खरमातीबाबत तो स्वच्छ निघाला. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या शहरातही रात्री ट्रॉली नेऊन जयंती नाल्याच्या किंवा पंचगंगेच्या काठी रिकामी करणारे लोक आहेत, आणि केंद्रीय नियमांनी राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे घरमालकावरही, टाकलेली आहे. आम्ही माती कोठे टाकली याची प्रत्येक खेपेची चिठ्ठी मागितली आणि शेवटचा हप्ता त्या चिठ्ठ्या मिळेपर्यंत राखून ठेवला. जागा मोकळी झाल्याचे तारखेसह फोटोही त्याने न मागता दिले, ते इमारतीचा घरफाळा कमी करून घेण्याच्या अर्जाला जोडता आले.