आयसी-७३०० चे फिल्टर, ऐरोलीच्या सहाव्या मजल्यावरून

हॅम रेडिओच्या चाळीस मीटर पट्ट्यावर सकाळची नेट, म्हणजे ठरल्या वेळची रेडिओवरची बैठक, रंगात आलेली असते, लांबचं एखादं अशक्त स्टेशन चेक-इन करत, म्हणजे हजेरी लावत असतं, आणि नेमकं तेव्हाच दोन किलोहर्ट्झ खाली कोणीतरी सीक्यू मारायला (‘कोणी आहे का’ अशी हाक द्यायला) लागतं. कानात नुसती चिवचिव. आयकॉमचा आयसी-७३०० हा रिग (रेडिओ संच) घेतला तो या एका त्रासासाठी, आणि दोन वर्षं रोज वापरल्यावर सांगते, त्या कामाला तो पुरेपूर उतरला.

फिल्टर म्हणजे ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सींची खिडकी, ती अरुंद केली की शेजारचं बाहेर राहतं. जुन्या रिगला अरुंद फिल्टर हवा असला की वेगळा क्रिस्टल फिल्टर विकत घ्यावा लागायचा. हा २०१६ मध्ये बाजारात आलेला डायरेक्ट सॅम्पलिंग रिग, म्हणजे आलेला सिग्नल थेट आकड्यांत उतरवणारा, त्यामुळे फिल्टर सगळे आतल्या हिशोबातच. स्क्रीनवर फिल १, २, ३ असतात. एसएसबीला (बोलण्याच्या मोडला) ते मुळात ३, २.४ आणि १.८ किलोहर्ट्झचे. फिल्टरच्या चिन्हावर बोट सेकंदभर दाबून धरलं की त्याचा स्क्रीन उघडतो, तिथे बीडब्ल्यूला (बँडविड्थला) स्पर्श करायचा आणि मोठा डायल फिरवून रुंदी हवी तेवढी ठेवायची. प्रत्येक मोडची रुंदी वेगळी लक्षात राहते.

नवीन मंडळी गर्दी दिसली की थेट फिल ३ लावतात. मीही तेच करायचे. पण १.८ चा फिल्टर आवाज दोन्ही बाजूंनी कापतो. खालची भरदार बाजू जाते, वरची स्पष्टता जाते, आणि ‘एस’ की ‘एफ’ हे कळेनासं होतं. कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) तीनदा विचारावा लागतो. त्यापेक्षा फिल १ वरच राहा आणि ट्विन पीबीटीच्या, म्हणजे फिल्टरची बाजू सरकवणाऱ्या बटणाच्या, दोन कड्यांपैकी एकच हळूहळू फिरवा. स्क्रीनवर पट्टीची एकच बाजू आत सरकताना दिसते. खालच्या फ्रिक्वेन्सीवरचा शेजारी एलएसबीत (चाळीसवरचा एसएसबीचा प्रकार, यात फ्रिक्वेन्सी उलट्या लागतात) आपल्या आवाजाच्या वरच्या टोकाला येतो. तेवढंच टोक साधारण २.२ किलोहर्ट्झपर्यंत आणलं की चिवचिव अक्षरशः पुसली जाते आणि बोलणाऱ्याचा आवाज माणसाचाच राहतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी हेडफोन काढून यांच्या कानाला लावला होता.

एक सवय मात्र लावून घ्या. पीबीटी हलवलेला असला की फिल्टरच्या चिन्हाशेजारी ठिपका दिसतो. माझ्या हातून एकदा तो तसाच राहिला आणि दोन दिवस मी गच्चीवरच्या डायपोल अँटेनाचा फीडर (केबल) तपासत बसले. कडं सेकंदभर दाबलं की सगळं पूर्ववत होतं. रिगसमोर बसल्या बसल्या पहिलं काम ते.

आता जे फिल्टरकडून होणार नाही ते. आमच्या इमारतीत लिफ्ट, जिन्यातले एलईडी दिवे, घरोघरी चार्जर. संध्याकाळी सात-आठला सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर एस ७ वर बसलेला असतो. असा गोंगाट सगळ्या पट्ट्यात सारखा पसरलेला असतो, त्यामुळे रुंदी ३ वरून १.८ केली तरी तो जेमतेम २ डेसिबलने उतरतो. एस मीटरचा एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे सुई हलल्यासारखीही वाटत नाही. गोंगाटासाठी हा रिग घेणार असाल तर आधी घराचं मेन बंद करा, जुना रिग बॅटरीवर चालवा आणि ऐका. आवाज आपल्याच घरातून येत असेल तर तो तिथेच कळेल. मला तसाच स्वयंपाकघरातला एक एलईडी दिवा सापडला.

सीडब्ल्यूला (मोर्सला) गोष्ट वेगळी. तिथे ५०० हर्ट्झवर आलात की गोंगाट जवळजवळ ८ डेसिबल उतरतो आणि बुडालेला सूर वर येतो. २५० मी क्वचितच लावते, सूर घुमायला लागतो. लावलाच तर फिल्टरच्या कडा शार्पऐवजी सॉफ्ट ठेवते, कान कमी शिणतात.

संध्याकाळी ७२०० किलोहर्ट्झच्या वरची प्रसारण केंद्रं जोरात येतात, तेव्हा कधीकधी स्क्रीनवर ‘ओव्हीएफ’ (ओव्हरफ्लो, सिग्नल मावेनासा झाला) उमटतं. अशा वेळी फिल्टर अरुंद करून काही साधत नाही. हा फिल्टर सिग्नल आकड्यांत उतरल्यानंतर लागतो, आणि भरणा त्याच्या आधीच होतो. सिग्नल वाढवणारा प्रीअँप बंद करायचा, आरएफ गेन (रिगची संवेदनशीलता) कमी करायचा, नाहीतर सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर लावायचा. चाळीस मीटरवर प्रीअँपची गरज मला तरी कधी पडली नाही.

माझी सध्याची मांडणी अशी: एसएसबीला फिल १ तीनवरच, फिल २ २.४, फिल ३ मात्र १.८ वरून २.१ वर आणलाय. नेटला फिल २, गर्दी झाली की फिल १ आणि पीबीटी. फिल ३ रविवारच्या कॉन्टेस्टपुरता.