आठ पंख्यांचा ड्रोन दाखवला, आला घडीचा : कोल्हापुरातील फसवणुकीचा अनुभव

स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचा गिंबल (कॅमेरा हलू न देणारी मोटरींची चौकट) ड्रोनवर चढवून जाहिरातपट चित्रित करू इच्छिणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण या कामात फसवणूक होते ती नेमकी वजनाच्या बाबतीत, आणि चित्रीकरणाचा दिवस उजाडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

काम एका गूळ उत्पादकाचे होते. केर्लीच्या पलीकडे, पन्हाळ्याच्या वाटेवरील गुऱ्हाळात, उसाच्या फडावरून निघालेले दृश्य सलग काहिलीच्या वाफेपर्यंत यावे आणि जमिनीवरील दृश्यांशी त्याचा रंग तंतोतंत जुळावा, यासाठी आमचाच कॅमेरा वर जाणे आवश्यक होते. (पंख्यांचा वारा चुलवाणातली राख काहिलीत उडवील, तेव्हा यंत्र फार खाली आणू नका, असे गुळव्याने पहिल्याच भेटीत बजावले होते. या साऱ्या प्रकरणात धंद्याचे खरे बोललेला माणूस तोच.)

कॅमेरा, लेन्स, गिंबल आणि त्यांच्या बॅटऱ्या मिळून साडेतीन किलोच्या आसपास भार होता. ड्रोन नियम, २०२१ नुसार भारासह एकूण वजन दोन किलोंहून अधिक आणि पंचवीस किलोंपर्यंत असलेले ड्रोन ‘स्मॉल’ वर्गात येते. त्याला विशिष्ट नोंदणी क्रमांक आणि त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो, तसेच उडवणाऱ्याकडे त्या वर्गाचे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. ज्या चमूशी बोलणे झाले, त्यांनी आठ पंख्यांच्या यंत्राची चित्रफीत आणि एक प्रमाणपत्र पाठवले, आणि ‘पाच किलोपर्यंतचा भार आरामात उचलतो’ असे लेखी कळवले. नव्वद हजारांपैकी चाळीस हजार रुपये आगाऊ दिल्यावर, गिंबल ड्रोनला जोडणारे ब्रॅकेट बसवून पाहण्याच्या निमित्ताने त्यांनी आमचा गिंबलही आधीच मागवून घेतला.

त्यानंतर उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने ‘विमान वाहतूक महासंचालनालयाचे परवानगी शुल्क’ म्हणून आणखी अठरा हजारांची मागणी आली, आणि तारीख ठरलेली असल्याने उत्पादकाच्या कार्यालयाने ती रक्कम त्याच संध्याकाळी भरली. वस्तुस्थिती अशी की, हरित क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगीच लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि आमचे गुऱ्हाळ त्या पट्ट्याच्याही बाहेर होते. ड्रोनच्या नोंदणीचे सरकारी शुल्कसुद्धा अवघे १०० रुपये आहे. परवानगीची पावती मागितल्यावर ‘ऑनलाइन आहे, दिसेल’ एवढेच उत्तर मिळाले.

ठरल्या दिवशी चुलवाण पेटले, काहील चढली, आणि एक तरुण पाठीवरच्या पिशवीतून घडीचा छोटा ड्रोन घेऊन उतरला. त्या यंत्राचा कॅमेरा त्यातच बसवलेला असतो, त्याचे स्वतःचे वजन एक किलोही भरत नाही, आणि त्याच्या पोटाखाली साडेतीन किलो टांगणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपणे होय. मोठे यंत्र दुसऱ्या कामावर अडकले आहे, यातही तितकेच पिक्सेल आहेत, ग्राहकाला फरक कळणार नाही, असे तो सांगू लागला. प्रमाणपत्रावरचे नाव त्याचे नव्हते. ते प्रमाणपत्र पाठवणारा गृहस्थ त्या दिवसापासून फोन उचलत नाही. चित्रीकरण तुम्हीच रद्द केले, म्हणून आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असा त्याचा एकच संदेश आला.

गिंबल परत मिळाला, पण त्याची एक मोटर कॅमेरा तोलून धरीत नव्हती. गिंबलच्या मोटरी नीट तोल साधलेला भार स्थिर ठेवण्यासाठी असतात. तोल न साधता तो चालू ठेवला की त्या सतत जोर लावून तापतात. दुरुस्ती करणाऱ्यानेही हेच कारण सांगितले. म्हणून गिंबल कोणाच्याही ताब्यात एकटा देऊ नये. ब्रॅकेट बसवताना आपला माणूस तेथे असावा, आणि देताना चालू स्थितीतील चित्रफीत काढून ठेवावी.

कामावर येणारे तेच यंत्र, आपल्या सामानाइतक्याच वजनाची वाळूची पिशवी बांधून, आपल्यासमोर उडवून दाखवा, अशी मागणी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करावी. यंत्रावरचा नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्रावरील नाव व वर्ग आणि प्रत्यक्ष येणाऱ्या पायलटचे ओळखपत्र यांचा मेळ तेव्हाच घालावा. भार वाढला की उड्डाणाचा वेळ झपाट्याने घटतो, त्यामुळे त्या चाचणीतच बॅटऱ्या किती लागतील हेही समजते. खरा व्यावसायिक या मागणीने दुखावत नाही, उलट कॅमेऱ्यासाठी वेगळा माणूस हवा का, हे तोच विचारतो.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र सरळ नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सामान्यतः बसत नाही. त्यामुळे वसुलीसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली असून, तिच्यासोबत ‘पाच किलो’ असे लिहिलेला तो संदेश जोडला आहे. रक्कम अद्याप परत आलेली नाही.