ग्रासहॉपर-कांगारूमध्ये कणांच्या टकरी : आठ महिन्यांच्या वापरानंतर
वेड्यावाकड्या आकाराच्या पात्रात सारख्या मापाचे गोळे ओतले तर ते कसे रचले जातील, हे पाहण्यासाठी मी गेले आठ महिने राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधील ग्रासहॉपर (घटक जोडून आकार घडवण्याचे साधन) आणि त्यातील कांगारू (बलांचे अनुकरण करणारे साधन) वापरत आहे. राइनो ६ पासून दोन्ही सोबतच मिळतात, त्यामुळे वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही.

कांगारूचा नेहमीचा सॉल्व्हर (गणित सोडवणारा घटक) खऱ्या काळाचा हिशेब ठेवत नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. प्रत्येक ‘गोल’ (इथे अर्थ लक्ष्य, गोळा नव्हे, मराठीत हा घोळ अटळ आहे) एखादा बिंदू कुठे असायला हवा ते सांगतो, सॉल्व्हर अशा सर्व मागण्यांची भारित सरासरी काढून बिंदू सरकवतो आणि हालचाल नगण्य होईपर्यंत हेच करत राहतो. वेगांची अदलाबदल दिसेल या अपेक्षेने मी दोन समान गोळे एकमेकांकडे ढकलले, तर ते टेकून निमूट थांबले. कांगारूच्याच बाउन्सी सॉल्व्हरमध्ये संवेग टिकतो आणि गोळे उसळतातही, परंतु त्यावरून सेकंद मोजण्याचे धाडस मी करणार नाही.

गणनेच्या वेगाबाबत मात्र तक्रार नाही. १,००० गोळ्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, पण गोळ्यांच्या टकरी हाताळणारा स्फिअरकोलाइड हा घटक फक्त जवळच्या जोड्या तपासतो. त्याची अट एकच, सर्व गोळ्यांची त्रिज्या सारखी हवी. लहानमोठे गोळे असतील तर कोलायडर हा दुसरा घटक घ्यावा लागतो.

माझी सर्वांत मोठी फजिती घनतेच्या मोजणीत झाली. समान गोळे कितीही कौशल्याने रचले तरी जागेचा सुमारे ७४ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू शकत नाहीत आणि विस्कळीत ओतले तर साधारण ६४ टक्क्यांवर अडतात, तरीही माझे उत्तर ७४ च्या वर गेले. पडद्यावर सर्व काही देखणे दिसत होते; छेद घेतला तेव्हा तळाचे गोळे वरच्या भाराने एकमेकांत घुसलेले आढळले. टकरीची स्ट्रेंग्थ (त्या लक्ष्याचा जोर) वाढवून भार कमी केल्यावर आकडा ताळ्यावर आला. कडेचे गोळेही निम्मे भिंतीबाहेर होते, कारण भिंतीसाठी वापरलेला सॉलिडपॉइंटकोलाइड हा घटक गोळ्याला नव्हे, त्याच्या केंद्रबिंदूला अडवतो. तेव्हापासून मी पात्राचा मेश (पृष्ठभागाची जाळी) त्रिज्येइतका आत ऑफसेट करूनच जोडतो.

गोळ्यांची संख्या शेवटीही मोजावी, हे मी ठेच लागल्यावर शिकलो. टॉलरन्सपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या अंतरापेक्षा, जवळ असलेले बिंदू सॉल्व्हर एकच कण मानतो. मी ती मर्यादा सहज म्हणून वाढवली होती आणि काही गोळे गुपचूप एक झाले होते. हल्ली अंतिम मोजणी झॉम्बी सॉल्व्हरवर करतो, कारण तो मधल्या पायऱ्या न दाखवता थेट शेवटची स्थिती देतो. धान्य नळीतून किती वेळात ओघळेल, अशा प्रश्नांसाठी मात्र मी डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीचे (प्रत्येक कणाची हालचाल खऱ्या काळानुसार मोजणारे) वेगळे सॉफ्टवेअर उघडतो.