वीजवाहिन्या आणि वीज उपकेंद्रांच्या तपासणीसाठी डीजेआय मॅव्हिक ३ थर्मल

सुट्या होऊन तापलेल्या जम्पर-क्लॅम्पचा (तारा एकमेकींना जोडणाऱ्या पकडीचा) शोध घ्यायला हा ९२० ग्रॅमचा ड्रोन उत्तम आहे, पण तापमानाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. थर्मल (उष्णता टिपणारा) सेन्सर ६४०×५१२ पिक्सेलचा आहे. १५ मीटरवरून एक पिक्सेल साधारण २ सेंटीमीटर व्यापतो, त्यामुळे लहान क्लॅम्पचं तापमान आजूबाजूच्या थंड आकाशात मिसळून कमी दिसतं. चकचकीत ॲल्युमिनियमची एमिसिव्हिटी (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) कमी असल्याने तीही फसवते. म्हणून तिन्ही फेजच्या तारांवरचे तेच सांधे एकाच कोनातून टिपा आणि फरक बघा. विजेचा भार कमी असेल किंवा वारा जोरात असेल तर बिघडलेला सांधाही थंड दिसतो. तेव्हाच्या प्रतिमांवरून 'ठीक आहे' असा शेरा मारू नये. ढगाळ वेळ किंवा सूर्यास्तानंतरचा काळ सर्वांत चांगला.

टेलिफोटो कॅमेरा फार आवडला: गळालेली स्प्लिट पिन (जोड निसटू न देणारी छोटी खीळ), फुटलेली इन्सुलेटर डिस्क (तार मनोऱ्यापासून विलग ठेवणारी वीजरोधक चकती) सुरक्षित अंतरावरून ओळखता येते.

अडथळा-सेन्सर बारीक तारा ओळखतीलच असं नाही. वाहिनीच्या बाजूने, समांतर उडवा आणि रिटर्न-टू-होमची (ड्रोन आपोआप परत येतानाची) उंची मनोऱ्यापेक्षा जास्त ठेवा. पावसात उडवायला तो बनलेलाच नाही.