‘३२-बिट अ‍ॅप ६४-बिट करून देतो’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका

लिहिताना लाज वाटते आणि संतापही येतो. नव्या फोनवर न चालणारं जुनं ३२-बिट अ‍ॅप ६४-बिट करून देतो अशी जाहिरात करणाऱ्या एका माणसाला ठरलेल्या रकमेचे ५० टक्के आगाऊ दिले, उरलेले ५० टक्के अ‍ॅप इन्स्टॉल झाल्यावर, आणि मध्येच निघालेलं ‘सही करण्याचं शुल्क’ म्हणून वर २० टक्के. एकूण १२० टक्के पैसे गेले. हाती आलं ते जुनंच अ‍ॅप, आतल्या एका फोल्डरचं फक्त नाव बदललेलं.

गरज खरी होती. एका मोजमाप यंत्राशी ब्लूटूथने जोडणारं अ‍ॅप, बनवणारे केव्हाच बंद पडलेले, सोर्स कोड कुठेही उपलब्ध नाही. अ‍ॅपमध्ये नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड) एकच, ती आर्मईएबीआय-व्ही७ए म्हणजे ३२-बिट. नव्या फोनच्या एबीआय यादीत, म्हणजे तो कोणत्या प्रकारचा कोड चालवतो त्या यादीत, फक्त आर्म६४-व्ही८ए, म्हणजे ६४-बिट. असे निव्वळ ६४-बिटचे अँड्रॉइड फोन २०२२ च्या पिक्सेल ७ पासून आलेत. आयफोनवर तर आयओएस ११ ने २०१७ मध्येच ३२-बिट अ‍ॅप बंद केली. त्यामुळे ‘नो मॅचिंग एबीआय’ असं सांगून फोनने फाईल नाकारली, तेव्हा फोनचं काहीच चुकत नव्हतं.

आता युक्ती बघा. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल, ही शेवटी झिप फाईल. तिच्यात ‘लिब’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) वेगळा उपफोल्डर. इन्स्टॉल करताना अँड्रॉइड निर्णय घेतं ते या उपफोल्डरच्या नावावरून. या माणसाने आर्मईएबीआय-व्ही७ए हे नाव पुसून आर्म६४-व्ही८ए केलं, झिप पुन्हा बांधली, स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही केली. झालं ‘कन्व्हर्जन’. पाच मिनिटांचंही काम नाही.

इन्स्टॉल झालं. पहिला पडदा उघडला, मेन्यू चालला, सेटिंग उघडली. कारण हा सगळा भाग जावाचा, त्याला प्रोसेसरचं बंधन नाही. कुणीही याला ‘चाललं’ म्हणूनच धरलं असतं, आणि अट ‘इन्स्टॉल झालं की पैसे’ अशीच होती. ‘जोडा’ हे बटण दाबलं की मग लायब्ररी लोड होते, आणि तिथे अ‍ॅप कोसळलं. लॉगमध्ये, म्हणजे फोनच्या तांत्रिक नोंदीत, स्वच्छ लिहिलेलं: डीएलओपन फेल्ड (लायब्ररी उघडता आली नाही), फाईल ६४-बिटऐवजी ३२-बिट आहे. तोवर उरलेले पैसे पोचले होते.

मनाला लागून राहिलं ते वेगळंच. दोन्ही एपीके शेजारी उघडल्यावर मूळ लायब्ररी ४१,८७,२३६ बाइटची होती आणि ‘नवी’सुद्धा ४१,८७,२३६ बाइटची. वेगळ्या आर्किटेक्चरसाठी कंपाइल केलेला कोड बाइटला बाइट तेवढाच निघत नाही. सूचना वेगळ्या, पत्ते चारऐवजी आठ बाइटचे, प्रोसेसरमधले कप्पे म्हणजे रजिस्टर वेगळे. हा आकडा पहिल्या दिवसापासून समोर होता. पण फोन ‘इन्स्टॉल झालं’ म्हणत असताना झिप सोडून बाइट कोण मोजतं?

मोजा. शक्य तर बाइटच वाचा. कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) ती .एसओ फाईल, म्हणजे लायब्ररी, उघडा. पहिले चार बाइट ईएलएफ या फाईल-प्रकाराची खूण, पाचवा बाइट १ असेल तर ३२-बिट, २ असेल तर ६४-बिट. एकोणिसावा बाइट हेक्समध्ये २८ असेल तर जुना आर्म, बी७ असेल तर आर्म६४, ०३ म्हणजे एक्स८६ (इंटेल पद्धतीचा ३२-बिट प्रोसेसर), ३ई म्हणजे एक्स८६-६४. फोल्डरचं नाव काहीही असो, खरं काय ते इथे कळतं. आमच्या फाईलमध्ये पाचवा बाइट १ आणि एकोणिसावा २८ होता.

सोर्स कोडशिवाय ३२-बिट लायब्ररीची ६४-बिट करून मिळत नाही. प्रोसेसर नवा असला तरी बसवलेलं अँड्रॉइड ३२-बिट असू शकतं, म्हणून चिपचं नाव वाचून काही ठरवू नका. एडीबीमधून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) गेटप्रॉप ही आज्ञा चालवून ‘एबीआयलिस्ट’ बघा. अ‍ॅपमध्ये ‘लिब’ फोल्डरच नसेल तर कन्व्हर्ट करण्यासारखं काही नाही, तरी त्याचेही पैसे मागणारे आहेत. तिथे अडचण बहुतेकदा टार्गेट एसडीकेची, म्हणजे अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी अ‍ॅप बनवलं त्या क्रमांकाची, असते: अँड्रॉइड १४ ला २३ पेक्षा कमी चालत नाही, अँड्रॉइड १५ ला २४ पेक्षा कमी.

सहीबद्दल. मूळ किल्ली बनवणाऱ्याकडेच असते, त्यामुळे दुसऱ्याने सही केलेलं अ‍ॅप जुन्यावर अपडेट म्हणून बसत नाही. मग ‘जुनं अ‍ॅप काढून टाका’ असा सल्ला मिळतो. आम्हालाही मिळाला. काढलं असतं तर जुन्या फोनवरच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या. शिवाय पुन्हा बांधलेल्या एपीकेत काय घुसवलं असेल ते कोण जाणे. दोन्ही फाईलींच्या परवानग्या ताडून बघा, एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्याची मुभा) वाढलेली दिसली तर फाईल फोनवर चढवूच नका.

आणि तक्रार? पेमेंट सेवेचं उत्तर: ‘इन्स्टॉल झाल्याचा स्क्रीनशॉट तुम्हीच पाठवलाय, म्हणजे सेवा मिळाली.’ ज्या बाजारपेठेवर जाहिरात होती तिने सांगितलं की डिजिटल फाईल पोचली, पुढचं आमच्याकडे येत नाही. सायबर तक्रार कक्षाच्या अर्जात ओटीपी चोरी आहे, बनावट दुकान आहे, पण खोटं तांत्रिक काम असा रकानाच नाही, म्हणून हा ‘दोघांमधला व्यवहारातला वाद’ ठरला. लॉग दिला, दोन्ही फाईली दिल्या, कोणता बाइट बघायचा तेही लिहून दिलं. उत्तरात तज्ज्ञाचा दाखला मागितला. तो कोणी द्यायचा, कुठून आणायचा, हे सांगायला कोणी तयार नाही. वीस सेकंदांत उघडा पडणारा पुरावा टेबलावर आहे आणि तीनही ठिकाणी एकानेही फाईल उघडली नाही. जाहिरात अजून तशीच चालू आहे.

सोर्स कोड हाताशी असेल आणि तरीही काम द्यायचंच असेल तर अट ‘इन्स्टॉल’ची ठेवू नका. ज्या बटणावर लायब्ररी लोड होते ते बटण चाललं पाहिजे, असं लेखी घ्या. मूळ एपीकेचा एसएचए-२५६ (फाईलचा डिजिटल ठसा) व्यवहाराआधी नोंदवून ठेवा. आणि पैसे देण्याआधी नव्या .एसओ फाईलचे पहिले वीस बाइट मागा. खरं काम करणारा ते लगेच पाठवतो.