टाकीतला नवा फ्लोट: एक पावसाळा आणि एक आंबा हंगाम वापरून

जुन्या डिझेल पिकअपच्या टाकीत नवा फ्लोट (डिझेल किती आहे ते पुढच्या मीटरच्या काट्याला कळवणारा तरंगता पार्ट) बसवला, त्याला आता अख्खा पावसाळा आणि पाठोपाठ आंब्याचा हंगाम झाला. गाडी ऐंशीच्या दशकातली, देवगड तालुक्यातली, समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहणारी. पार्ट लोकल बनावटीचा. नाव सांगत नाही, कारण तोच माल वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या नावांनी मिळतो. मत आधीच सांगून टाकतो: दिलेल्या पैशांत माल चांगला आहे. पण काटा बिघडला की लगेच फ्लोट मागवणाऱ्यांनी जरा थांबावं. आपल्या किनाऱ्यावर पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायच्या वाटेवर, घ्यायचा.

आमच्या काट्याचं दुखणं असं होतं: टाकी भरून आणली तरी तो अर्ध्याच्या वर जायचा नाही, आणि अंधार पडल्यावर आणखी खाली बसायचा. वायरमनने बॉनेटही उघडलं नाही. म्हणाला, "मीटर खोलू नको आधी. लायटी लाव आणि काट्याकडे बघ." लायटी लावल्या, काटा पडला. बंद केल्या, वर आला. खरं म्हणजे निदान तिथेच झालं. फ्लोटची अर्थिंगची वायर आणि मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायर चॅसीवर एकाच बोल्टला होती. तो बोल्ट गंजला की दिव्यांचा करंट परतताना तिथे अडतो, व्होल्टेज साचतं आणि मीटरला वाटतं टाकीतला रोध (करंटला होणारा अडथळा, ओममध्ये मोजतात तो) वाढला. आमच्या जातीच्या मीटरमध्ये रोध वाढणं म्हणजे डिझेल कमी होणं.

बोल्ट गंजला कशाने? नुसत्या खाऱ्या हवेने नव्हे. मासळीचे क्रेट मागे असतात, बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फळ्यांतून गळून थेट टाकीच्या डोक्यावर आणि त्या बोल्टवर. लग (वायरच्या टोकाची कडी) काढला तर तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, इन्सुलेशनच्या आत बोटभर. अशी वायर घासून उपयोग नाही, मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापायची. आम्ही फ्लोट ज्या प्लेटने टाकीवर आवळलेला असतो त्या प्लेटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर टाकली, कथील चढवलेल्या तारेची. जोडावर पेट्रोलियम जेली. तपासायला सोपं आहे: स्विच चालू करून प्लेट आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टीमीटर व्होल्टवर लावा. जवळपास शून्य दिसलं पाहिजे. दिवे लावल्यावर आकडा चढला तर अर्थिंग कच्चं.

इथवर पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. मग फ्लोट का बदलला? कारण अर्थिंग सुधारल्यावर काटा वर नीट चालायला लागला, पण पाव ते अर्धा या टप्प्यात झटके खाऊन मध्येच शून्यावर जायचा. टाकीवरची वायर काढली तर काटा रिकाम्यावर, तीच वायर क्षणभर चॅसीला टेकवली तर भरलेल्यावर. म्हणजे मीटर आणि मधली वायर शाबूत. (टेकवताना स्विच बंद ठेवून वायर धरायची, मग स्विच लावून लगेच बंद. पेट्रोलची गाडी असेल तर टाकीच्या तोंडाशी ठिणगीचा हा खेळ करूच नये, पुढच्या कनेक्टरवर करावा.) दोष फ्लोटच्या आतच होता. त्यात बारीक तारेची गुंडाळी असते, तिच्यावर एक पत्ती घासत फिरते. आपण गावाकडची माणसं, खिशाला परवडेल तेवढं डिझेल टाकतो, टाकी वर्षभर पावाच्या आसपास. पत्ती तेवढ्याच जागेवर घासणार, तेवढीच तार झिजणार. जुना फ्लोट उघडला तर गुंडाळीवर त्याच जागी गुळगुळीत चकाकी, बाकीची तार काळीशार.

आता खरेदीबद्दल, कारण फसगत इथेच होते. बाजारात फ्लोट "सगळ्या गाड्यांना चालतो" म्हणून विकतात. चालत नाही. एका जातीत रिकाम्या टाकीला २४० ओम आणि भरलेल्या टाकीला ३३. दुसरीत उलटं, रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. जुन्या अमेरिकन गाड्या कुणी हौसेने ठेवल्या असतील तर त्यांचं आणखी निराळं, रिकामी ते भरलेली असं बघितलं तर: शेवरोलेच्या बऱ्याच गाड्यांत ० ते ९०, फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत ७३ ते १०. जात चुकली तर काटा उलटा चालतो किंवा अर्ध्या पट्टीतच घुटमळतो, आणि माणूस पुन्हा वायरिंग उकरत बसतो. म्हणून मल्टीमीटर घेऊनच दुकानात गेलो. काउंटरवरच फ्लोटची दांडी वर-खाली करून दोन्ही टोकांचे ओम मोजले, मधला प्रवास हळूहळू करून आकडा कुठे उडी मारतो का ते पाहिलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण नंतर त्यानेच दुसरा नग काढून तो मोजायला लावला. तापमानाचा काटासुद्धा सोबतच खोटं बोलत असेल तर मात्र फ्लोटच्या नादाला लागू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरना एकसारखं व्होल्टेज देणारा पार्ट) असतो, तो बघा.

बसवताना दांडी टाकीच्या खोलीप्रमाणे कापावी लागली. आतल्या पत्र्याला ती अडत नाही ना, हे प्लेट आवळण्याआधी हाताने फिरवून बघितलं. प्लेटची पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे ती एकाच दिशेने बसते. बसत नाही म्हणून भोक मोठं करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

वापराचा अनुभव. पावसाळ्यात काटा एकदाही लहरीपणाने वागला नाही, दिवे लावून की विझवून. पावाच्या खालची रेघ मला सगळ्यात महत्त्वाची, आणि ती खरी निघाली. डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, लाइनमध्ये हवा धरते, मग स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसा. तो प्रसंग या काळात आला नाही. वरच्या बाजूला मात्र फ्लोट आळशी आहे: भरलेल्यावरून काटा बराच वेळ हलतच नाही, मग पाऊण ते अर्धा भराभर उतरतो. त्यात दोष टाकीच्या आकाराचाही आहे, फ्लोटवर सगळं ढकलत नाही.

आंब्याच्या पेट्या घेऊन करूळ घाटाने गगनबावड्याकडे चढताना काट्याकडे बघूच नये. आमच्या टाकीत फ्लोट मागच्या टोकाला आहे, चढणीला डिझेल मागे जातं आणि काटा खुशीत येतो. वर सपाटीला लागलं की खरी परिस्थिती कळते. वळणांवरही तो डुलतो, या फ्लोटला हेलकावे थोपवायची काही सोय नाही. जुन्यात पत्र्याचं कोंडाळं होतं, यात नाही.

तक्रारी दोन. सोबत आलेलं कॉर्कचं गॅसकेट काही आठवड्यांत पाझरायला लागलं, टाकीवर डिझेलचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ. डिझेलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्या शीटमधून नवं कापून घेतल्यावर थांबलं. दुसरं, टर्मिनलचा स्क्रू साधा लोखंडी आहे आणि श्रावण संपेपर्यंत तो तांबूस झाला होता. बनवणाऱ्याने इथे चार पैसे वाचवले आहेत. पितळी स्क्रू-नट घालून वर जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा बांधला, मासळीचं पाणी आता त्यावरून ओघळून जातं.

टाकी उतरवलेलीच होती म्हणून पाच-पाच लिटर डिझेल ओतत एका कळकाच्या काठीवर खुणा करून घेतल्या. काठी सीटमागे असते. पट्टीवरच्या अर्ध्यावर काटा असताना काठी अर्ध्याहून थोडं कमीच दाखवते, तेवढा फरक लक्षात ठेवून चालवतो. ज्यांच्या गाडीचं मूळ मीटर धड आहे त्यांनी जातीचा फ्लोट बघून हाच घ्यावा. मीटरच गेलं असेल तर फ्लोट आणि मीटर एकाच जातीची जोडी घ्या, महाग पडते पण ओम जुळवत बसावं लागत नाही.